कुकर आला, शिट्टी राहिली

पत्र

ताई, नमस्कार.

मी ४२ वर्षांची. डोंबिवलीत राहते, एका पतसंस्थेत नोकरी करते. तीन वर्षांपूर्वी परस्पर संमतीनं घटस्फोट झाला. लेक १३ वर्षांची आहे. ती माझ्याकडे असते, एक शनिवार सोडून बाबाकडे जाते. गेल्या वर्षी मी कादंबरी लिहायला घेतली. जड काही नाही, हलकीफुलकी प्रेमकथा. नायिका मृणाल, ३९ वर्षांची, घटस्फोटित. नायक समीर, प्राण्यांचा डॉक्टर. १८० पानं झाली तेव्हा दोन मैत्रिणींना वाचायला दिली. एक म्हणाली, ‘पहिल्या साठ पानांना रुमाल लागला, पुढच्या पानांना साखर लागली. मधला सांधा दिसतो.’ दुसरीनं सगळं वाचून एवढंच विचारलं, ‘हा समीर कोण गं?’ मावशीला नुसता विषय सांगितला, तर ती म्हणाली, ‘घटस्फोट ही काय हसायची गोष्ट आहे? लोक म्हणतील, हिलाच संसार नको होता.’

घटस्फोटावर विनोदी लिहिता येतं का? नायक कधी आणावा? शेवटी लग्न लावलंच पाहिजे का? आणि माझा आधीचा नवरा वाचतो. त्याच्या हातात हे पडलं तर?

(लिहिता लिहिता कुकरची शिट्टी झाली म्हणून आठवलं. सामान वाटून घेताना कुकर माझ्याकडे आला आणि शिट्टी तिकडेच राहिली. आठ महिन्यांनी त्यानं ती कुरियरनं पाठवली आणि कुरियरचे ६० रुपये फोनवर मागितले. मी दिले. मग ओट्याला टेकून एकटीच इतकी हसले, की लेक बघायला आली.)

पहिली तीस पानं आणि पुढच्या पानांचा गोषवारा सोबत जोडला आहे.

आपली,
अर्धी कादंबरीवाली

उत्तर

ताई म्हटलंस, म्हणजे अगंतुगंची परवानगी मिळाली असं धरते.

तुझ्या पत्रातला सगळ्यात चांगला मजकूर तू कंसात टाकला आहेस. तीस पानं मी दोनदा वाचली. त्यात कुकर नाही, शिट्टी नाही, ६० रुपये नाहीत. त्यात ‘काळोख दाटून’ आलाय, उशी भिजलीय आणि खिडकीबाहेर पाऊस पडतोय. (हा पाऊस कादंबऱ्यांमध्ये इतका वेळेवर कसा येतो? माझ्या आयुष्यात जेव्हा जेव्हा काही बिनसलं तेव्हा लख्ख ऊन होतं आणि दारात गॅसवाला सुटे पैसे मागत उभा होता.) दोन्ही मजकूर एकाच बाईनं लिहिलेत यावर विश्वास बसत नाही. कंसातली बाई मला ओळखीची वाटते. तीस पानांतली मृणाल मात्र कुठल्यातरी मालिकेतून उसनी आणलेली आहे.

मैत्रिणीला जो सांधा दिसला, तो कुठून आला ते सांगते. तू मनाशी एक वाटणी करून टाकलीस. घटस्फोटाच्या वाट्याला रडणं आणि प्रेमाच्या वाट्याला हसणं. त्यामुळे ६१व्या पानावर समीर येईपर्यंत मृणालला हसायची सोयच नाही. तो येतो तेव्हा जणू भाजीच्या पिशवीतून हसू घेऊन येतो, आणि मग सगळं घर खिदळायला लागतं. असं होत नाही, हे तुला पक्कं माहीत आहे. ओट्याला टेकून हसलीस तेव्हा तुझ्या आयुष्यात कुठला समीर होता? कोणीच नव्हतं. हातात एक शिट्टी होती आणि खात्यातून ६० रुपये कमी झाले होते.

मला सांगायचं आहे ते एवढंच. घटस्फोटानंतरच्या प्रेमकथेत हसू आधी परत येतं, माणूस मागाहून येतो. आणि ते हसू घटस्फोटाच्या आतच कुठेतरी सांडलेलं असतं. सामानाच्या यादीत, कोर्टाच्या बाकड्यावर, शाळेच्या फॉर्मवर ‘वडिलांचा पत्ता’ लिहिताना. ते तिथून वेचून आणायचं. तू ते सोडून देऊन नवीन माणसाकडून नवीन हसू मागवायला निघालीस, म्हणून पुढची पानं गोडमिट्ट झाली.

आता त्या शिट्टीपाशी जरा बसू. ६० रुपये मागणं विनोदी का आहे? कारण तो माणूस वाईट नाहीये. शिट्टी त्यानं आठवणीनं शोधली, बांधली, कुरियरवाल्याकडे जाऊन रांगेत उभा राहिला. हे सगळं केल्यावर ६० रुपये मागितले. काळजी आणि हिशेब एकाच पाकिटात घालून पाठवणारा हा माणूस तुझ्याबरोबर इतकी वर्षं राहिला. तुमचा संसार का टिकला आणि का मोडला, दोन्ही त्या पाकिटात आहे. तीस पानं खर्चून मृणालच्या नवऱ्याविषयी तू जे सांगू शकली नाहीस, ते इथे एका फटक्यात कळतं.

मी लिहिलं असतं तर काहीसं असं लिहिलं असतं:

‘पार्सल छोटं होतं. पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर मृणालला पाठ असलेला पिनकोड. आत टूथपेस्टचं रिकामं खोकं, खोक्यात तीन थर वर्तमानपत्र आणि वर्तमानपत्रात शिट्टी. त्यानं ती घासून पाठवली होती. बारा वर्षांत त्यानं घासलेलं हे पहिलं भांडं. तेवढ्यात फोन वाजला. साठ रुपयांची मागणी. कारणाच्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं: शिट्टी.’

मृणालला काय वाटलं, हे यात कुठे लिहिलेलं नाही. पाऊस नाही. ‘तिच्या ओठांवर कडवट हसू उमटलं’ हेही नाही, कारण ते लिहिलं की वाचकाचं हसू तिथेच विझतं. तू हे माझ्याहून चांगलं लिहिशील. खोकं तू उघडलं होतंस, मी नुसती अंदाजानं लिहितेय.

मावशींना काय सांगायचं? त्यांचा राग समजून घे, पण त्यांचं ऐकू नकोस. त्यांच्या कानात ‘घटस्फोट’ हा शब्द वाजतो आणि तो शब्दच मुळात दणका आहे. धर्मशास्त्रात पतिताला जातीबाहेर काढायचा जो विधी होता, त्याचं नाव घटस्फोट. पाण्यानं भरलेला घडा लाथेनं उलटायचा, की तो माणूस आपल्याला मेला. लग्न मोडण्यासाठी आपण नेमका हाच शब्द उचलला. मग त्यावर हसायचं म्हणजे तेराव्याला हसण्यासारखंच वाटणार.

पण मराठीत याच गोष्टीला आणखी नावं आहेत. काडीमोड घे. महाराष्ट्रातल्या कितीतरी जातींमध्ये लग्न मोडता येत होतं आणि मोडलेल्या लग्नानंतर बाईला पाट लावता, म्हणजे दुसरं लग्न करता येत होतं. तिथे घडा फुटत नाही, एक काडी मोडते. सोडचिठ्ठी घे, तिच्यात तर नुसती चिठ्ठीच आहे. फारकत हा मुळात हिशेब चुकता झाल्याच्या कागदाचा शब्द आहे, फारखत. देणंघेणं संपलं, सही कर, निघ. तुझे ६० रुपये फारकतीतले आहेत. लिहिताना ‘घटस्फोट’ हा शब्द कोर्टाच्या कागदापुरता ठेव आणि कानात काडीमोड वाजू दे. वाक्यांचं वजन आपोआप उतरेल, करून बघ.

नवराबायकोच्या भांडणावर हसायला मराठी माणूस कधी लाजला नाही. देवलांचं ‘संशयकल्लोळ’ १९१६ साली रंगभूमीवर आलं. फाल्गुनराव आणि कृत्तिका एकमेकांवर संशय घेऊन घर डोक्यावर घेतात, आणि आपण शंभरावर वर्षं त्यावर हसतो आहोत. फक्त त्या नाटकात दोघांना संशयाच्या पुढे जाता येत नाही. पांढरपेशा हिंदू घरात तेव्हा पुढे रस्ताच नव्हता. मुंबई इलाख्यात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला १९४७ साली, आणि देशभरासाठी हिंदू विवाह कायदा आला १९५५ साली. परस्पर संमतीचा घटस्फोट तर त्याहून नंतरचा, १९७६च्या दुरुस्तीतला. म्हणजे ‘आपण दोघं मिळून हे मोडू या’ असं म्हणत कोर्टात शेजारी शेजारी बसणारं जोडपं ही आपल्याकडे जेमतेम पन्नास वर्षांची गोष्ट आहे. आपल्या विनोदी लेखनानं अजून तिच्याकडे धड पाहिलेलंही नाही. या रिकाम्या जागेत तू पाय ठेवलायस. घाबरू नकोस, पण पाऊसही आणू नकोस.

अमेरिकेत ही वाट आधी तुडवली गेली आहे आणि तिच्यातून एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. तिकडे १९३०च्या आणि ४०च्या दशकात विनोदी चित्रपटांची एक लाटच आली. त्यात नवराबायको वेगळे होतात किंवा व्हायच्या बेतात असतात, आणि भांडता भांडता पुन्हा एकमेकांच्या प्रेमात पडतात. स्टॅन्ली कॅव्हेल नावाच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकानं १९८१ साली त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि या प्रकाराला पुनर्विवाहाची सुखात्मिका म्हटलं. त्यातला १९३७चा ‘दि ऑफुल ट्रूथ’ मिळाला तर बघ. दिग्दर्शक लिओ मॅकॅरी, नवराबायको म्हणजे केरी ग्रँट आणि आयरीन डन. कोर्टात त्यांचं भांडण पैशांवरून होत नाही, कुत्र्यावरून होतं. न्यायाधीश म्हणतात, कुत्रा ज्याच्याकडे जाईल त्याचा. बाई लपवून आणलेलं कुत्र्याचं खेळणं हळूच दाखवते आणि कुत्रा जिंकते. नवऱ्याला कुत्र्याला भेटायला यायचा हक्क मिळतो, आणि त्या हक्काच्या जोरावर तो वेळीअवेळी तिच्या घरात टपकत राहतो.

कुत्रा हा नुसता निमित्त आहे, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. दोघांना एकमेकांच्या आयुष्यात ये-जा करायला एक अर्धवट राहिलेली वस्तू लागते. त्यांच्याकडे कुत्रा होता, तुझ्याकडे शिट्टी आहे. शिट्टी बरी, तिला फिरायला न्यावं लागत नाही.

उचलायची गोष्ट मात्र कुत्रा नाही, घड्याळ आहे. त्या चित्रपटात घटस्फोट पक्का व्हायला ९० दिवस असतात आणि सगळी गंमत त्या ९० दिवसांत घडते. शेवटचा प्रसंग तर मध्यरात्रीचे ठोके पडायच्या बेतात असताना आहे. विनोदाला मुदत लागते. तुझ्या कादंबरीत कुणालाच कसली घाई नाही, म्हणून प्रसंग एकामागून एक नुसते रांगेत उभे राहतात.

आपल्या कायद्यानं तुला आयतं घड्याळ दिलंय आणि तू ते वापरलेलंच नाहीस. परस्पर संमतीसाठी आधी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. मग अर्ज. मग पुन्हा सहा महिने थांबायचं आणि अर्ज केल्यापासून अठरा महिन्यांच्या आत दोघांनी परत येऊन ‘हो, अजूनही तेच म्हणणं आहे’ असं सांगायचं. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली सांगितलं, की योग्य प्रकरणात कोर्टाला हे सहा महिने माफ करता येतील, पण मृणालच्या कोर्टाला ते माफ करायला लावू नकोस. ते सहा महिने म्हणजे सोनं आहे. कायद्यानं नवराबायको, पण घरं दोन. गणपती कोणाकडे बसणार? लग्नाच्या आमंत्रणपत्रिका अजून दोघांच्या नावानं एकाच पत्त्यावर येताहेत. आहेर एकत्र द्यायचा की वेगळा? मृणालच्या चुलतभावाच्या लग्नात दोघांना शेजारी बसवलंय, कारण घरातल्या अर्ध्या लोकांना अजून सांगितलेलंच नाही, आणि ज्यांना सांगितलंय ते श्रीखंड वाढताना दोघांच्या तोंडाकडे बघताहेत. तिथे तिला नवऱ्याच्या ताटातली नको असलेली अळूवडी सवयीनं उचलावीशी वाटते. उचलू दे. मग दोघंही थिजू देत.

तुझा पहिला भाग या सहा महिन्यांचा कर. त्यात समीर अजिबात नको. तो हवा तर साठाव्या पानावर येऊ दे, सत्तराव्यावर येऊ दे, पण तोपर्यंत वाचक तीन-चारदा मोठ्यानं हसलेला असला पाहिजे.

इथेच एक चूक दाखवून ठेवते, नाहीतर कोणीतरी वकील वाचक पत्र पाठवेल. तू पत्रात संमतीचा घटस्फोट म्हणतेस तो तुझा, पण मृणालची केस भांडणाची आहे. निकाल लागल्यावर पंधरा दिवसांत तिचं लग्न ठरवून तारीख काढायचा बेत तू सतराव्या पानावर तिच्या तोंडी घातलायस. भांडून निकाल लागला तर अपिलाची मुदत संपेपर्यंत पुन्हा लग्न करता येत नाही. कौटुंबिक न्यायालयानं दोघांच्या संमतीनं दिलेल्या निकालावर मात्र अपीलच नसतं. मृणालची केस संमतीची कर, घड्याळही मिळेल आणि ही भानगडही मिटेल.

आता समीर. या माणसाला घाम येत नाही. तो प्राण्यांचा डॉक्टर आहे पण त्याच्या शर्टाला कुत्र्याचे केस नाहीत. पावसात छत्री धरतो, मृणालच्या लेकीचं गणित घेतो, पोह्यांत शेंगदाणे किती हेही त्याला बरोबर कळतं. अगं, पहिल्या नवऱ्यात जे जे कमी होतं ते ते मोजून तू याच्यात भरलं आहेस. हा माणूस नाही, तक्रारअर्जाचं उत्तर आहे. मैत्रिणीनं ‘हा समीर कोण’ विचारलं ते चांभारचौकशी म्हणून नसेल. तो कुणीच नाही, हे तिला जाणवलं असेल.

चाळिशीतलं प्रेम विशीतल्या प्रेमापेक्षा अडचणीचं असतं आणि म्हणून जास्त विनोदी असतं. विशीत आईवडिलांना चुकवायचं असतं. चाळिशीत लेकीला, आईला, शेजाऱ्यांना, पतसंस्थेतल्या सहकाऱ्यांना आणि सोसायटीच्या वॉचमनला चुकवायचं असतं, तेही गुडघे सांभाळून. तुझ्या पानांत एक वाक्य आहे, की मृणालच्या सोसायटीत गेटवरच्या रजिस्टरमध्ये येणाऱ्याचं नाव, फ्लॅट नंबर आणि कामाचं स्वरूप लिहावं लागतं. एका ओळीत उरकलंयस. थांब ना तिथे! समीर पहिल्यांदा चहाला येतो. वॉचमन विचारतो, ‘काम काय?’ मृणाल इंटरकॉमवर गडबडते आणि म्हणते, ‘प्लंबर.’ रजिस्टरमध्ये नोंद होते. आता त्याला प्रत्येक वेळी प्लंबर म्हणूनच यावं लागतं. तिसऱ्या खेपेला दुसऱ्या मजल्यावरच्या काकू त्याला जिन्यात गाठतात, ‘अहो, जाता जाता आमचाही नळ बघा.’ तो बघतो. म्हशीचं बाळंतपण करू शकणाऱ्या या माणसाला वायसर बदलता येत नाही. काकूंच्या स्वयंपाकघरात कारंजं उडतं, आणि समीर ओलाचिंब होऊन मृणालच्या दारात येतो. पाऊस हवाच असेल तर असा आण.

आणि तो मृणालला आवडायला कधी लागतो? छत्री धरली तेव्हा नाही. माझ्या मनात एक जागा आहे, घ्यायची तर घे. शिट्टीची गोष्ट मृणालनं आत्तापर्यंत तिघांना सांगितली आहे. आई म्हणाली, ‘अरेरे.’ मैत्रीण म्हणाली, ‘किती हलकट माणूस!’ ऑफिसातल्या जोशीबाई म्हणाल्या, ‘नवीन शिट्टी मिळते की बाजारात.’ कुणीच हसलं नाही, आणि आपणच वेड्या आहोत की काय असं मृणालला वाटू लागलं. मग एक दिवस ती समीरला सांगते. तो सगळं ऐकून घेतो, जरा विचार करतो आणि विचारतो, ‘घासून पाठवली होती का?’

हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाशी मी स्वतः लग्न केलं असतं. त्यानं तिला नव्यानं हसवलं नाही. ती जिथे एकटी हसली होती, नेमक्या त्या जागेवर तो येऊन उभा राहिला. यापुढे तू समीरला पोहे करायला लावलेस, पोहे करपवायला लावलेस, तरी वाचक त्याच्या बाजूनं राहील.

आधीच्या नवऱ्याला खलनायक करू नकोस. न्याय म्हणून नव्हे, आपल्या धंद्याची गोष्ट म्हणून सांगते. तो राक्षस असला तर मृणालला अक्कल नव्हती असं होतं, आणि दुसरा चांगला निघाला तर तो केवळ नशिबाचा फेरा. अशा गोष्टीत बाई काहीच करत नाही, नुसती एका गाडीतून उतरून दुसरीत बसते. तो ठीकठाक माणूस असू दे. ६० रुपये मागणारा आणि शिट्टी घासणारा. वाचकाला अधूनमधून वाटलंही पाहिजे, की ही दोघं परत एकत्र येतात की काय. तू तीस पानांत त्याला एकदा ‘पाषाणहृदयी’ म्हटलंयस. तेवढं खोड.

हसण्याला हद्द आहे का? आहे, आणि ती तुला दाखवायची गरज नाही असं पानं वाचून वाटलं, म्हणून थोडक्यात लिहिते. ज्या लग्नात मारहाण होती, ज्या बाईला पोटगीसाठी वर्षानुवर्षं खेटे घालावे लागतात, तिथे त्या प्रसंगावर हसू नये. तिला ‘जुळवून घे’ सांगायला आलेल्या काकांवर मात्र खुशाल हसावं. आणि लेकीला शहाणी करू नकोस. तुझी मृणालची लेक १३व्या वर्षी ‘आई, तू आधी स्वतःवर प्रेम कर’ असं म्हणते. १३ वर्षांची पोर असं बोलत नाही. ती म्हणते, ‘बाबाकडे वायफाय चांगलं आहे.’ यात आईला किती लागतं आणि पोरीला ते कळतं की नाही कळत, एवढं लिहिलंस तरी खूप झालं.

शेवटी लग्न हवंच का? दोन्हींनी चालतं. अमेरिकन लेखिका नोरा एफ्रनची ‘हार्टबर्न’ ही कादंबरी १९८३ची. तिच्या स्वतःच्या मोडलेल्या संसारावरून लिहिलेली आहे हे तिनं लपवलं नाही. नायिका पाककृतींची पुस्तकं लिहिते, सात महिन्यांची गरोदर असताना तिला नवऱ्याचं प्रकरण कळतं, आणि ती हे सगळं सांगता सांगता मध्येच पदार्थांच्या कृती देत जाते. शेवटाकडे भरल्या पंगतीत ती नवऱ्याच्या तोंडावर पाय फेकते (लिंबाचा गोड पाय, खायचा!) आणि निघून जाते. दारात कुणी नवा नायक गाडी घेऊन उभा नसतो. तरी ती विनोदीच कादंबरी आहे, आणि वाचून माणूस हलका होतो. म्हणजे समीर ही तुझी गरज नाही, हौस आहे. हौस असेल तर लग्न लाव, पण मंगलाष्टकं आणि अक्षता नकोत. नोंदणी पद्धतीचं लाव. विशेष विवाह कायद्यात नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावं लागतं, तीन साक्षीदार लागतात, म्हणजे तुला आणखी एक घड्याळ आणि तीन भांडणारे नातेवाईक फुकट मिळतात. अर्जात स्वतःची वैवाहिक स्थिती लिहायची असते. मृणाल पेन हातात घेऊन त्या रकान्यापाशी किती वेळ थांबते, तेवढं बघ. वॉचमनच्या रजिस्टरात समीर शेवटपर्यंत प्लंबरच राहिला तरी माझी हरकत नाही.

आता शेवटचा प्रश्न, आधीच्या नवऱ्यानं वाचलं तर. वाचेल. नावं, गाव, नोकरी बदल, लेकीला ओळखू येईल असं काही ठेवू नकोस, आणि छापायच्या आधी लेकीला एकदा विचार. ती नको म्हणाली तर तो भाग काढ, बाकी कुणालाही विचारू नकोस. त्याच्यासाठी कादंबरी मवाळ करू नकोस, त्याच्यावर सूड म्हणूनही लिहू नकोस. माझा अंदाज विचारशील तर तो सगळं वाचेल आणि कुरियर ६० नव्हे, ५५ रुपयांचं होतं अशी दुरुस्ती कळवेल. ती दुसऱ्या आवृत्तीत घे.

सुधारलेली पहिली पन्नास पानं दिवाळीपर्यंत पाठव. पत्रात एक गोष्ट राहिली आहे, तीही कळव. ६० रुपये पोचल्यावर त्यानं काय उत्तर दिलं? नुसता अंगठा पाठवला, की ‘मिळाले’ असं लिहिलं? आणि त्या दिवशी तू कुकरला काय लावलं होतंस?